मन्याची साखर आणि बाईंचे मीटर

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. शनिवारची सायंकाळची ओपीडी आटोपत आली होती. शेवटच्या बाकावर आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. गावात त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात. माझी मुलगी चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात होती. वय चौऱ्याहत्तर, यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा पुण्याला. बाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्यांवर साखर बरी राहते. त्या दिवशी त्यांच्या मांडीवर झाकणाची वेताची टोपली होती. देवळातून परस्पर आल्या असतील असे मला वाटले.

“या बाई. साखर तपासायची ना?”

“साखरच तपासायची आहे, डॉक्टर. पण माझी नाही, याची.” असे म्हणून त्यांनी टोपलीचे झाकण किलकिले केले. आतून एका पिवळ्या बोक्याने माझ्याकडे रागाने पाहिले. हा मन्या. वय अकरा वर्षे. जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला मधुमेह असल्याचे निदान करून दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू केले होते आणि घरी साखर पाहत चला, असे सांगितले होते.

“माझं मीटर आहेच घरात. ते याला चालेल ना?”

मी हसून म्हणालो, “न चालायला काय झालं? रक्त ते रक्त.”

वाचकहो, हे उत्तर अगदीच चूक नव्हते, पण अर्धवट होते. आणि वैद्यकात अर्धवट उत्तर कधी कधी चुकीच्या उत्तरापेक्षा महाग पडते. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा लेख. मी माणसांचा डॉक्टर. मांजरांविषयी जे लिहितो आहे ते माझ्या पशुवैद्य मित्राकडून शिकून, वाचून व मन्याच्या निमित्ताने पाहून. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनीही लेख अर्धवट सोडू नये. यातील निम्म्याहून अधिक गोष्टी घरातल्या माणसांच्या मीटरलाही लागू आहेत.

मांजरालाही मधुमेह होतो

मांजराचा मधुमेह हा बहुतांशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते, पण ते अपुरे पडते आणि शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. मध्यम व उतार वयातील, लठ्ठ, घरात बसून राहणारी मांजरे, त्यातही खच्चीकरण केलेले बोके यांत तो अधिक दिसतो. दुसऱ्या आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्यामुळेही तो उद्भवू शकतो.

लक्षणे आपल्या ओळखीचीच आहेत. पाणी फार पिणे, लघवी फार होणे, खाणे भरपूर असूनही वजन घटणे. एक लक्षण मात्र खास मांजराचे. मागच्या पायांच्या नसा दुबळ्या झाल्यामुळे ते बोटांवर चालण्याऐवजी टाच टेकवून, फतकल मारल्यासारखे चालू लागते. मन्या कट्ट्यावर उडी मारीनासा झाला तेव्हा बाईंना वाटले, म्हातारा झाला. लघवीच्या जागी मुंग्या लागू लागल्या तेव्हा मात्र बाईंनी ओळखले. बारा वर्षांचा स्वतःचा अनुभव होता.

आपल्याकडे मांजर म्हटले की दूधभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी. पण मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थ पचवण्याची त्याची तयारी कमी असते. म्हणून मधुमेही मांजराचा भात, पोळी व बिस्किटे कमी करून अंडी, कोंबडी, मासे असा प्रथिनांचा आहार वाढवतात. परंतु इन्सुलिन चालू असताना हा बदल आपल्या मनाने एका दिवसात करू नये. भात बंद झाला की इन्सुलिनची गरज घटते आणि तोच डोस जास्त ठरून साखर एकदम खाली येऊ शकते. बदल पशुवैद्याला सांगून आणि साखर तपासत करावा.

आशेची गोष्ट अशी की, लवकर इन्सुलिन सुरू केले व आहार सुधारला तर काही मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांत सुटते. तेव्हा ‘मांजरासाठी कशाला एवढा खटाटोप’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरीच का तपासायची?

दवाखान्यात साखर तपासून आणली म्हणजे झाले, असे माणसाच्या बाबतीत एक वेळ म्हणता येईल. मांजराच्या बाबतीत नाही. टोपलीत कोंडणे, रिक्षाचा आवाज, कुत्र्यांचा वास, अनोळखी हात यांनी मांजर इतके घाबरते की केवळ भीतीमुळे त्याची साखर ३०० च्याही वर जाऊ शकते. मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा! हा आकडा खरा मानून डोस वाढवला, तर घरी परतून शांत झालेल्या मांजराची साखर धोकादायक रीतीने उतरते.

लघवीच्या तपासणीलाही मर्यादा आहेत. आमच्या विद्यार्थिदशेत बेनेडिक्टची परीक्षा शिकवीत. पाच मिलिलीटर निळ्या द्रावणात आठ थेंब लघवी घालून उकळायचे आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग पाहायचा. परंतु माणसाच्या रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही आणि मांजरात ही मर्यादा आणखी वर, अडीचशेच्याही पुढे असते. म्हणजे लघवी ‘निर्मळ’ आली तरी रक्तातील साखर २०० आहे की ५०, हे कळायला मार्ग नाही. आणि इन्सुलिन घेणाऱ्याला खरी भीती त्या ५० चीच असते.

पशुवैद्य फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात. त्यावरून मांजराच्या मागील एक-दोन आठवड्यांच्या सरासरीचा अंदाज येतो. ती उपयुक्त आहे, पण आज रात्री इन्सुलिन द्यावे की नाही, हे ती सांगत नाही. ते सांगते घरचे मीटर.

या मीटरचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीचे पहिले मीटर आले, त्याचे वजन सुमारे सव्वा किलो होते. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब मिनिटभर ठेवून पाण्याने धुवावा लागे आणि मग रंग मोजला जाई. ते डॉक्टरांच्या टेबलावरचे यंत्र होते. १९८७ मध्ये पेनाएवढे मीटर आले, तेही रंगावर नव्हे तर विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालणारे. आजचे मीटर मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबावर पाच-दहा सेकंदांत आकडा देते. एवढा थेंब मांजराच्या कानातून मिळू शकतो, म्हणून तर ही घरगुती तपासणी शक्य झाली.

माणसाचे मीटर, मांजराचे रक्त

आता माझ्या अर्धवट उत्तराकडे येतो. बाई दोनच आठवड्यांत पुन्हा आल्या. मन्या परत घटाघटा पाणी पिऊ लागला होता. वही पाहिली. एके दिवशी दुपारी एक वाजता आकडा ६४. बाईंनी घाबरून त्याला साखरपाणी पाजले आणि संध्याकाळचे इन्सुलिन चुकवले. दोन दिवसांनी ६७. पुन्हा तेच. असे चार वेळा झाले होते.

“तुम्हीच सांगितलं होतं ना डॉक्टर, सत्तरच्या खाली गेलं की साखर खायची?”

सांगितले होते खरे, पण बाईंसाठी, मन्यासाठी नव्हे. मी पशुवैद्य मित्राला फोन केला. तो म्हणाला, “दोघांना घेऊन ये.” त्याच्याकडे प्राण्यांसाठीचे वेगळे मीटर होते. मन्याच्या कानातील एकाच थेंबाने दोन्ही पट्ट्या भरल्या. बाईंच्या मीटरवर ६६ आले आणि त्याच्या मीटरवर ९४!

कारण सोपे आहे. रक्तातील साखर काही प्रमाणात पातळ भागात म्हणजे प्लाझ्मात असते आणि काही तांबड्या पेशींत. माणसात ही वाटणी सुमारे ५८ टक्के प्लाझ्मात व ४२ टक्के पेशींत अशी असते. मांजरात सुमारे ९३ टक्के साखर प्लाझ्मातच असते आणि पेशींत जेमतेम ७ टक्के. कुत्र्यात हे प्रमाण सुमारे साडेसत्त्याऐंशी व साडेबारा टक्के. मीटर रक्ताच्या थेंबात जे मोजते त्यावरून आतील हिशेबाने प्लाझ्मातील आकडा दाखवते आणि माणसाच्या मीटरमधील तो हिशेब माणसाच्या रक्ताचा असतो. म्हणून मांजराच्या रक्तात ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. किती कमी, हे मीटरगणिक आणि आकड्यागणिक बदलते. ‘प्रत्येक वेळी तीस मिळवा’ असे ठोकळ गणित करता येत नाही.

तांबड्या पेशींचे प्रमाणही घोटाळा करते. रक्त कमी असेल, म्हणजे पंडुरोग असेल, तर पुष्कळ मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. हे माणसातही घडते. घरात कोणाचे हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मीटरच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी प्रयोगशाळेत एकदा पडताळून पाहावे.

मीटर घेताना काय पाहावे?

मांजरासाठी तीन वाटा आहेत. पहिली, खास प्राण्यांसाठी बनविलेले मीटर. अल्फाट्रॅक हे त्यातील परिचित नाव. अशा मीटरमध्ये रक्त मांजराचे की कुत्र्याचे, हे आधी ठरवून द्यावे लागते. ते चुकले तर आकडाही चुकतो. दुसरी वाट, माणसाचे चांगले मीटर, त्याच्या मर्यादा समजून वापरणे. तिसरी, कातडीवर चिकटवायचा सेन्सर. माणसांसाठी बनविलेला, चौदा दिवस चालणारा असा सेन्सर केस काढून मांजरालाही लावतात. सुई न टोचता दिवसरात्र आकडे मिळतात, पण खर्च बराच आणि मांजराने तो आधीच ओरबाडून काढला तर पैसे पाण्यात. तो पशुवैद्याच्या सल्ल्यानेच लावावा.

पहिल्या दोहोंपैकी निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पट्ट्या कोठे मिळतात? मीटर एकदा घ्यायचे असते, पट्ट्या रोज लागतात. दिवसाला दोन म्हटल्या तरी वर्षाला ७३० होतात. मीटर सवलतीत मिळते आणि खर्च पट्ट्यांवर होतो. प्राण्यांच्या मीटरच्या पट्ट्या आमच्या गावच्या औषध दुकानात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. पावसात रस्ता बंद झाला आणि पट्ट्या संपल्या तर उत्तम मीटरही खेळणेच. दुकानदाराला आधी पट्ट्यांचा भाव व मुदत विचारा, मग मीटर पाहा.

२) थेंब केवढा लागतो? पट्टीच्या कागदावर हे लिहिलेले असते. ०.३ मायक्रोलीटरवर चालणारी पट्टी मांजराला सोयीची. १ मायक्रोलीटर मागणारी पट्टी घेतली तर दोन-तीनदा टोचण्याची पाळी येते आणि मांजर पुन्हा हाती लागत नाही.

३) पट्टी थेंब स्वतः ओढून घेते का? टोक टेकवताच रक्त आत खेचणारी पट्टी हवी. वरून थेंब टाकावयाची पट्टी हलत्या कानाला उपयोगाची नाही.

४) मोजमापाचे एकक कोणते? आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. परदेशातून आणलेल्या काही मीटरांवर मिलिमोल हे एकक असते. तेथील ५ म्हणजे आपले ९०. अठराने गुणावे लागते. मुलाने किंवा भाच्याने परदेशातून भेट म्हणून आणलेले मीटर वापरण्यापूर्वी हे अवश्य पाहा.

५) अचूकता किती? २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माणसाच्या मीटरचे ९५ टक्के आकडे, साखर १०० किंवा अधिक असेल तर १५ टक्क्यांच्या आत आणि १०० पेक्षा कमी असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत यावयास हवेत. याचाच अर्थ, पाठोपाठ दोनदा तपासून १४० व १५५ आले तर मीटर बिघडले असे नव्हे. मात्र ही हमी माणसाच्या रक्तासाठी आहे, मांजराच्या नाही.

६) आकडे मोठे व ठळक दिसतात का? मधुमेह्यांची दृष्टी अधू असण्याचा संभव असतो. दुकानात चष्मा काढून पाहा.

७) मीटर वेगळे ठेवा. एकच मीटर आजीला व मांजराला वापरले तर मीटरच्या आठवणीत दोघांचे आकडे मिसळतात. डॉक्टर मीटर चाळतात तेव्हा कोणाची साखर कोणाला लागते ते कळत नाही. टोचायची सुई तर कधीही सामायिक नको. माणसामाणसांतही नको, कारण तिच्यातून काविळीचा विषाणू जाऊ शकतो.

माझ्या मित्राचे मत असे. परवडत असेल आणि पट्ट्यांचा पुरवठा खात्रीचा असेल तर प्राण्यांचे मीटर घ्यावे. नसेल तर माणसाचे एक चांगले मीटर घ्यावे, पण मग तेच कायम वापरावे. आज एक, उद्या दुसरे असे करू नये. कोणत्या मीटरचे आकडे आहेत ते पशुवैद्याला सांगावे आणि अधूनमधून त्यांच्या मीटरशी ताडून पाहावे. बाईंनी निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडून दुसरी वाट धरली. मन्यासाठी नवे मीटर आले आणि त्यावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवून ‘मन्या’ असे सुवाच्य लिहिले.

पट्ट्यांविषयी एक गोष्ट राहिली. हवेतील दमट ओलावा हा त्यांचा शत्रू. डबी उघडताच लगेच घट्ट लावावी, पट्टी काढून कागदात गुंडाळून ठेवू नये, ओल्या बोटांनी धरू नये. डबी शीतकपाटात नको आणि चुलीजवळच्या फळीवरही नको. मुदत संपलेली पट्टी आकडा दाखवते, पण तो खरा असेलच असे नाही.

थेंब काढावा कसा?

मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. तिच्याजवळ, अगदी कडेला टोचावे. कान आधी गरम करावा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके किंवा पायमोज्यात भरलेले कोमट तांदूळ अर्धा मिनिट धरले की पुरते. कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला तर रक्त केसांत न पसरता मण्यासारखे उभे राहते. कानामागे कापसाचा बोळा धरावा, म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. थेंब घेतल्यावर कापसाने काही सेकंद दाबून धरावे आणि लगेच आवडीचा छोटा घास द्यावा, मात्र तो गोड किंवा पिठाचा नसावा. काही मांजरे कान देत नाहीत, त्यांच्या पंजाच्या गादीतून थेंब घेता येतो.

पहिले तीन-चार दिवस नुसते कान चोळायचे, सुई लावायचीच नाही. बाई म्हणाल्या, “पहिलीच्या मुलांना पाटी द्यायच्या आधी आठवडाभर नुसतं खेळवायचे मी. तसंच आहे हे.” पंधरा दिवसांत मन्या मीटरची पेटी उघडल्याचा आवाज ऐकून स्वतः येऊन बसू लागला. अर्थात, वाळलेल्या बोंबलाच्या तुकड्यासाठी!

माणसाने बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि आकडा भलताच वाढतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती नीट जात नाही. उन्हाळ्यात ‘डॉक्टर, एकदम ३०० आली’ म्हणून धावत येणाऱ्यांना मी आधी हात धुवायला पाठवतो.

केव्हा तपासावे, हे पशुवैद्य ठरवतील. सुरुवातीस सकाळच्या इन्सुलिनपासून बारा तास, दर दोन तासांनी तपासून ते साखरेचा आलेख मांडतात. प्राण्यांच्या मीटरवर सर्वांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० असावा अशी अपेक्षा असते. आकडा पाहून स्वतः डोस वाढवण्याचा मोह टाळावा. मांजर जेवले नसेल तर नेहमीचे इन्सुलिन देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. आणि घरातील माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला मुळीच देऊ नयेत. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

पहाटेचा फोन

दसरा झाला होता. पहाटे साडेतीनला फोन वाजला. बाईंचा आवाज कापत होता. “डॉक्टर, मन्या भिंतीला धडकतोय. आता आडवा झालाय. मान झटकतोय. मीटरवर ३१ आलेत.”

माणसाचे मीटर मांजरात कमी दाखवते, तेव्हा खरा आकडा कदाचित चाळीसच्या आसपास असेल. पण अशा वेळी हे गणित करत बसायचे नसते. मांजराची साखर ६० च्या खाली जाणे हा धोका आहे आणि लक्षणे समोर दिसत असतील तर आकड्याची वाटही पाहू नये. मी म्हटले, “घरात मध आहे ना? बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. दात लागणार नाहीत असं बोट धरा. तो चाटायला लागला की मग खायला द्या. मी निघालोच.”

मी पोहोचलो तेव्हा मन्या डोके वर धरून बसला होता आणि बाई जमिनीवर, पदराला मध लागलेला. इन्सुलिनचा अंमल आणखी काही तास राहणार होता, म्हणून मी गाडी काढली आणि उजाडायच्या आत आम्ही त्याला पशुवैद्य मित्राकडे नेले. त्याने मन्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले.

“डोस किती दिला होता?” मित्राने विचारले.

“एकच युनिट. रोजचाच,” बाई म्हणाल्या. सगळे सामान त्यांनी पिशवीतून आणले होते. मी सिरिंज हातात घेतली. टोपण लाल होते.

मन्याचे इन्सुलिन ग्लार्जिन, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये १०० युनिटांचे. त्यासाठी १०० ची, नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. ती संपली तेव्हा बाईंनी कपाटातील यजमानांच्या उरलेल्या, लाल टोपणाच्या सिरिंज काढल्या. त्या ४० च्या. आपल्याकडे ४० युनिटांच्या बाटल्या अजून सर्रास वापरल्या जातात. ४० च्या सिरिंजवरील एक रेघ म्हणजे मिलिलीटरचा चाळिसावा भाग. तेवढ्या जागेत १०० चे इन्सुलिन भरले तर ते एक नव्हे, अडीच युनिट होते! उलट, ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने घेतले तर एकाऐवजी ०.४ युनिटच जाते आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात.

मी बाईंना मीटरविषयी सात मुद्दे समजावले होते. सिरिंज कोणती वापरता, हे एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझ्या लक्षात राहिली आहे. तेव्हापासून दवाखान्यात इन्सुलिन घेणारा प्रत्येक जण आला की मी बाटली आणि सिरिंज दोन्ही टेबलावर ठेवावयास सांगतो. आतापर्यंत दोन घरांत अशीच चूक सापडली आहे आणि तेथे मांजर नव्हते. वाचकांनी आज लेख खाली ठेवण्यापूर्वी आपली बाटली व सिरिंज हातात घेऊन तीवरील आकडा एकच आहे ना, एवढे पाहावे.

दोन वह्या

त्या दिवशी मित्राच्या दवाखान्यात बसून मी मन्याची वही चाळली. शाळेच्या हजेरीपटासारखे आखलेले रकाने होते. तारीख, वेळ, साखर, इन्सुलिन, खाणे, पाणी, शेरा. दोन महिन्यांत एक रकाना रिकामा नव्हता. मी सहज विचारले, “बाई, आणि तुमची वही?”

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “असेल कुठेतरी.”

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन आल्या. शेवटची नोंद गुढीपाडव्याची होती. उपाशीपोटी तपासली तर साखर २१२. मधल्या सहा महिन्यांत मन्याच्या कानाला शेकडो वेळा सुई लागली होती, बाईंच्या बोटाला एकदाही नाही. मी रागावणार होतो, पण त्यांनीच मला थांबवले. “त्याला माझ्याशिवाय कोण आहे, म्हणून त्याचं केलं. माझं कोणासाठी करायचं?”

मी म्हटले, “त्याला तुमच्याशिवाय कोण आहे, हेच उत्तर आहे, बाई.”

गोळ्या बदलल्या. वहीत एक रकाना वाढला. आता सकाळी आधी बाईंचे बोट, मग मन्याचा कान. सुया वेगळ्या, मीटर वेगळे, वही एकच. माघ महिन्यात मन्याचे इन्सुलिन पशुवैद्यांनी हळूहळू कमी करून थांबवले. मधुमेह परत येऊ शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा त्याची साखर पाहणे चालूच आहे. तो पुन्हा कट्ट्यावर उडी मारतो. बाईंची उपाशीपोटीची साखर गेल्या खेपेस १२४ होती.

आमच्या भागात मांजराच्या आजारासाठी कोठे जावे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रथम तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. गुंतागुंतीच्या आजारासाठी मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना साखरेची वही, मीटर, पट्ट्यांची डबी, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज, असे सगळे एका पिशवीत घालून न्यावे. माणसाच्या डॉक्टरकडे जातानाही तीच पिशवी न्यावी.